शेगडीजवळची निळी वायर

मी एक जुनी निळी वायर आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या घरात आता इंटरनेट हवेतून येतं. पूर्वी ते माझ्या पोटातून जायचं.

माझ्या पोटात बारीक तारा आहेत, जोडी-जोडीने पीळ घातलेल्या. नारिंगी, हिरव्या, निळ्या, तपकिरी. गोंदियाच्या बाजारात मी एका मोठ्या रिळावर गुंडाळलेली होते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुन्नालालने मला कापून घेतलं आणि आमगावला ताराचंदबाबूंच्या घरी आणलं. बाबूंचं समोरच्या खोलीत झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं. इंटरनेट तिथल्या कॉम्प्युटरला होतं. ते मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरलाही मिळावं, म्हणून माझं एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे लावलं. पहिल्याच दिवशी मागच्या पडद्यावर पान उघडलं, तेव्हा मुन्नालाल माझ्यावर हात फिरवून म्हणाला, "देखो, क्या मस्त चल रही है!" तेवढंच माझं कौतुक.

मागची खोली बाळंतिणीची होणार होती. बाबूंची सून रंजिता भरल्या दिवसांत होती आणि तिचा नवरा रत्नपाल मस्कतला वेल्डर होता. लेकरू झालं की त्याने ते तिथल्या इंटरनेट कॅफेत बसून पाहावं, एवढ्यासाठी माझा आणि कॉम्प्युटरवर लावलेल्या छोट्या कॅमेऱ्याचा सारा खटाटोप होता.

मुलगी झाली. सासू रुक्माबाईंनी खोलीची सूत्रं हाती घेतली. गार वारा नको, उंदीर नकोत, म्हणून मी जिथून भिंतीतून आत आले होते ते भोक त्यांनी सिमेंटने गच्च लिंपून घेतलं. त्या दिवसापासून मला मागे-पुढे सरकता येईना. खिडकीला गोधडी लागली. दाराला पडदा लागला. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आली, सकाळ-संध्याकाळ शेकायला. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, बाळाला परक्याच्या नजरेपुढे न्यायचं नाही आणि परक्या पुरुषाने आत यायचं नाही, असा त्यांचा कायदा होता.

रंजिता भिंतीकडे तोंड करून पडायची. भिंतीच्या कडेने मी गेलेली होते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहायचो.

आणि मग इंटरनेट येईनासं झालं.

मित्रांनो, मला कुठे दुखतंय ते मला पक्कं ठाऊक होतं. ती शेगडी माझ्या अगदी जवळ होती. माझं निळं कातडं मऊ पडलं होतं, आतल्या तारा एकमेकींना चिकटत होत्या. पण वायरीला तोंड नसतं.

तो शुक्रवार होता. रत्नपालची सुट्टी. दुसऱ्या दिवशी त्याला दूर वाळवंटातल्या कामावर नेणार होते, तिथे कॅफे नाही, महिनोन् महिने सुट्टी नाही. दुपारी तो मस्कतच्या कॅफेत येऊन बसला. समोरच्या कॉम्प्युटरवर त्याची अक्षरं उमटायला लागली. त्याची बहीण अलका ती वाचून मागे धावत यायची.

"वहिनी, दादा विचारून राहिला, दिसत काऊन नाही म्हणून."

मुन्नालालला बोलावलं. तो पडद्याबाहेर स्टुलावर बसला आणि तिथूनच डॉक्टरी करू लागला.

"अलका बेटा, कंट्रोल पॅनल खोल. नंबर काय दिसते?"

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट..."

"आगे बोल, आगे. समोरच्या मशीनचा आणि याचा शेवटचा आकडा एकच तर नाही ना?"

"नाही, वेगळा आहे. जोडलं म्हणते, मग तुटलं म्हणते."

मुन्नालालने समोरच्या कॉम्प्युटरवरची इंटरनेट वाटून देण्याची खूण काढली, पुन्हा लावली. दोन्ही मशीन बंद-चालू केली. वायर खोचायचं नवं कार्ड पडद्याखालून आत सरकवलं, ते अलकाने बसवलं. काहीच नाही.

"मुन्नाभाऊ, वायर पाहू का?"

"वायर नवी आहे, मी स्वतः लावली. वायरले काय होते?"

अलकाने चिडून म्हटलं, "माय, बाळाले समोर घेऊन जाऊ ना. दुकानाचं शटर पाडतो."

"अन् गिऱ्हाईक शटर वाजवून राहिले तर? माझ्या नातीले नजर लागली तर तू उतरवशील काय?" रुक्माबाई म्हणाल्या. "काही मरत नाही तुझा दादा. पुढच्या वर्षी पाहील."

लेकीच्या कपाळावर घाम आला होता, म्हणून रंजिताने वाकून शेगडी दूर सारली. तिचं बोट माझ्यावर टेकलं आणि चिकटलं. तिने बोट नाकाशी नेलं. मग डोळे मिटून दोन बोटांनी मला चाचपत गेली. जिथे मी पाघळले होते तिथे थांबली.

"मुन्नाभाऊ," ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "वायर जळली आहे. शेगडीनं."

मुन्नालाल स्टुलावरून उठून पडद्याशी आला. "भाभी, गोंदियाहून नवी आणतो, पण सांज होईल."

"इथंच जोडता येते का? सांगा, मी करतो," रंजिता म्हणाली.

रुक्माबाई शेगडीकडे बघत उभ्या होत्या. "मीच जाळली काय वो?" त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन बाळाला मांडीवर घेतलं. "कर तू. मी पोरीले धरतो."

कॉम्प्युटरमागे माझं थोडं वेटोळं उरलं होतं, तेच कामी आलं. रंजिताने कात्रीने माझा जळका भाग काढून टाकला. दातांनी एकेक तार सोलली. मुन्नालाल बाहेरून ओरडत होता, "रंगाले रंग, भाभी! नारिंगी नारिंगीले!" तिने प्रत्येक जोड पिळला आणि वर दवाखान्यातून आणलेली चिकटपट्टी गुंडाळली. एक तार दुसरीला लागू दिली नाही.

कार्डावरचा हिरवा दिवा लागला. या वेळी तो विझला नाही.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी चौकोन चौकोन आले, मग त्यांतून रत्नपाल झाला. त्याला मुलगी दिसली. तो पुढे वाकून नुसता बघत राहिला.

"आवाज येऊन राहिला का गा?" अलका ओरडली.

"येते," तो म्हणाला. "कान माझ्यावर गेले."

रुक्माबाईंनी रंजिताला बाजूला सारून कॅमेऱ्यात तोंड घातलं. "कान नाही, नाक गेलं तुझ्यावर. अन् कायले एवढा वाळलास? खात नाहीस का?"

सव्वा महिना झाला. रंजिता न्हाली आणि लेकीला छातीशी घेऊन बाहेर उन्हात गेली. मी मात्र सिमेंटातच राहिले. पुढे मोबाईल आले, तो जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, रंगाऱ्याने भिंतीबरोबर माझ्यावरही पांढरा हात फिरवला. माझी दोन्ही टोकं आता मोकळी लोंबतात. कोणाचंच बोलणं माझ्यातून जात नाही.

मित्रांनो, मला कोणी ओढून काढेल, अशी आशा मी सोडली आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात काही बंद पडलं तर लांबून हुकूम सोडू नका, जवळ जाऊन हात लावून बघा. आणि तुमच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून कोणी पडलं असेल, तर आज पडदा बाजूला करून तिला विचारा, तुला कुठे दुखतंय? तिला तोंड आहे. ती सांगेल.