कोरी ओळ

आईनं पेन्सिलीनं 'वॉज'भोवती गोल केला.

"वॉज नाही चिंगे, इज. खोड ते."

'माय फादर वॉज टॉल,' असं चिंगीनं लिहिलं होतं. तिनं खोडरबर उचललं, पण वहीला लावलं नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

तीन आठवड्यांपूर्वी चिंगीचे बाबा कामावर असतानाच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चिंगी तेव्हा मावशीकडे होती. परत आल्यावर 'बाबा फिरतीवर गेलेत' एवढंच तिला सांगितलं. खरं सांगायला आईची जीभ रेटत नव्हती; आज सांगू, उद्या सांगू करत दिवस जात होते. चिंगीनंही 'कधी येणार' म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. आईनं ते आपलं नशीबच मानलं होतं.

ती घाईघाईनं पुढचं वाचू लागली. घरच्या माणसांवर इंग्रजीत चार वाक्यं करायची होती, चार प्रकारची. विधानार्थी झालं. उद्गारार्थी: 'व्हॉट अ बिग पर्स!'

"मावशीची," चिंगी म्हणाली. "आपण दोघी मावू तिच्यात."

आईला खुदकन हसू आलं. मग आज्ञार्थी: 'डोन्ट क्राय.'

"हे कुणाला गं?"

"तुला. न्हाणीघरात नळ सोडलास तरी ऐकू येतं."

आईनं वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. पुन्हा एकदा केला. खाली प्रश्नार्थीची ओळ कोरी होती.

"हे का सोडलंस? सोप्पं तर आहे."

"बाई म्हणाल्या, उत्तर आधीच माहीत असेल तर तो खरा प्रश्न नसतो. मला एकही सुचेना." चिंगीनं रबर 'वॉज'वर टेकवलं. "खोडू?"

आईनं तिचं मनगट धरलं. बारीकसं मनगट, शाईचा डाग पडलेलं.

"नको. बरोबर आहे ते."

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"तुला कधी कळलं?" आईनं विचारलं.

चिंगीनं जरा विचार केला. मग पेन्सिल उचलून कोऱ्या ओळीवर टेकवली.

"हा चालेल," ती म्हणाली. "इंग्रजीत कसा लिहायचा?"