घारापुरीला झिजलेली चावी

मी चावी बोलतेय. पितळेची, चपटी, आणि तीही डुप्लिकेट. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं मोठं काही घडलं नाही. एका रविवारची लाज आहे, तेवढी सांगते.

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प तीनमधल्या एका टपरीवर. चावीवाल्याने मला मशीनच्या चिमट्यात धरलं, शेजारी अस्सल चावी लावली, आणि तिला जिथे जिथे खाच होती तिथे तिथे मलाही कापलं. दोन मिनिटांचं काम. "नहीं लगी तो वापस लाना," तो म्हणाला. पण मी लागले. बदलापूरला, खरवईच्या नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या लॅचला पहिल्याच फटक्यात लागले. वाटलं, चला, आपलं मार्गी लागलं.

माझा मालक हरिचंद्र, अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर. फ्लॅट त्याच्या नावावर, म्हणून चावीचा तोरा मोठा. चारचौघांत बोलताना मला बोटाभोवती गरगर फिरवायचा. बाटलीचं झाकण उचकटायला मी, कान कोरायलाही मीच. अस्सल चावी आत कपाटात पडून असायची. बायकोने, संजीवनीने, एकदा ती मागितली तर म्हणाला, "तुला काय करायचीय? मी आहे ना." सातवीतल्या लेकीने, भावनाने, मला नुसता हात लावला, तर हातावर फटका.

घारापुरीचा हट्ट भावनाचाच. इतिहासाच्या पुस्तकात तीन तोंडांच्या मूर्तीचा फोटो होता, ती तिला डोळ्यांनी बघायची होती. हरिचंद्रने महिनाभर टाळलं, आणि मग दोन हजार सहाच्या जानेवारीत एकदाचं नेलं. सोबत त्याचे वडील दौलतराव. घरातून निघतानाच म्हातारा म्हणाला, "दगड बघायला एवढ्या लांब? आपल्याकडे कमी आहेत काय?"

बोटीतून उतरल्यापासून माणसावर माणूस. वर जायच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी दुकानं, सगळ्यांत त्याच माळा आणि त्याच टोप्या. चालायचं म्हणजे पुढच्याच्या पाठीला नाक लावून. संजीवनीचे गुडघे बोलायला लागले. त्यातच माकडाने तिच्या हातातलं कणीस पळवलं. ती डब्यांची पिशवी पोटाशी धरून बाहेरच बसली. "तुम्ही बघून या," म्हणाली. "काय असेल ते मला सांगा."

आत मूर्तीसमोर फोटो काढणाऱ्यांची झुंबड. भावना मात्र टाचा उंचावून, वही छातीशी धरून बघत राहिली. त्या सगळ्या गर्दीत मूर्ती बघायला आलेली बहुतेक ती एकटीच.

हरिचंद्रला पाच मिनिटांत कंटाळा आला. तो मागच्या खांबाकडे गेला. तिथे कोणाकोणाची नावं खरडलेली होती. त्याने मला खिशातून काढलं.

"लिही, लिही," दौलतराव म्हणाले. "मी बघतो कोण येतंय का."

मी पितळ, तो काळा कातळ. त्याला काय होणार? पिवळी रेघ तेवढी उमटत होती, झिजत होते मीच. माझी खाच न् खाच बोथट झाली. पण दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नीने एवढं घडवून ठेवलं, आणि माझ्या टोकाने काय घडत होतं? 'हरि'.

तेवढ्यात भावना त्यांना शोधत आली, आणि पाठोपाठ रखवालदाराची शिट्टी. हरिचंद्रने मला खिशात कोंबलं.

"कोणी केलं हे?"

"अहो, पोरगी आहे," हरिचंद्र म्हणाला. एक क्षणही लागला नाही त्याला. "लहान आहे, सोडून द्या."

"मी नाही केलं," भावना म्हणाली.

"गप गं. मोठ्यांशी उलट बोलायचं नाही," दौलतराव म्हणाले.

"नाव काय तुझं?" रखवालदाराने विचारलं.

"भावना."

"मग हे 'हरि' कोण?"

"मी, मी," हरिचंद्र हसत म्हणाला. "बापावर जीव आहे हो तिचा. केसांच्या पिनेने खरडलं असेल."

लोक हसले. रखवालदाराने तिला सगळ्यांदेखत सॉरी म्हणायला लावलं. मग तिने ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि पुसत बसली. मी खिशाच्या अंधारात होते, पण तिचं नाक ओढणं मला ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर हरिचंद्रने संजीवनीला सांगितलं, "बघ तुझ्या लेकीचे प्रताप. पिनेने खांबावर माझं नाव कोरत होती." दमलेल्या संजीवनीने पुढचं काही विचारलं नाही, भावनाच्या गालावर एक ठेवून दिली.

संध्याकाळी सातला आम्ही दाराशी. हरिचंद्रने मला लॅचमध्ये घातलं. मी फिरेना. त्याने ओढलं, ढकललं, दाराला लाथ घातली. समोरच्या राजाबाई बाहेर आल्या.

"पोरीने खेळता खेळता वाकवली असेल," त्या म्हणाल्या.

"छे, पोरीच्या हातात मी चावी देतच नाही," हरिचंद्र ऐटीत म्हणाला. "सकाळपासून माझ्याच खिशात आहे."

संजीवनीने मला त्याच्या हातातून घेतलं आणि जिन्यातल्या बल्बखाली धरलं. टोक गुळगुळीत झालेलं. खाचांत काळी पूड.

"मग हे काय आहे?"

दौलतरावांना खोकला आला. संजीवनीने भावनाकडे पाहिलं. हात तिच्या गालाकडे गेला आणि मधेच थांबला. पोरगी भिंतीला टेकून सँडलचा पट्टा सोडत होती.

सुताराने लॅच तोडलं. नव्या लॅचला तीन चाव्या आल्या. एक संजीवनीने ठेवली, एक भावनाच्या दप्तरात टाकली, तिसरी राजाबाईंकडे ठेवायला दिली. हरिचंद्रच्या वाट्याला एकही आली नाही, आणि त्याने ती मागितलीही नाही. पण "मी केलं होतं" हेही बोलला नाही. दौलतरावही बोलले नाहीत. संजीवनीने रात्री पोरीच्या डोक्याला तेल चोळलं, पण माफी तिच्याही तोंडून निघाली नाही. या घरातल्या मोठ्यांना माफी फक्त लहानांकडून वसूल करता येते.

मी दारामागच्या खिळ्याला लटकते आहे. मला भंगारात द्या. वितळवून काहीही करा, पण त्याच्या खिशात जाईल असं काही नको. मीही त्या दिवशी त्याच्या खिशात लपले होते, आणि मलाही तोंड नव्हतं.

दोन वर्षं झाली. संध्याकाळी बेल वाजते. भावना दार उघडते आणि लगेच बाजूला होत नाही, उंबऱ्यात उभी राहून बापाच्या तोंडाकडे बघते. तोही क्षणभर तिथेच उभा राहतो.

मग म्हणतो, "पाणी आण."