गुन्वोरच्या मांडीवरचा साप

वाल्फ्रीडने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "काळा आहे, गळ्याला पिवळं काही नाही, आणि स्वभावाने फार गरीब." ते ऐकून इंगेलाने कोट चढवला तो उलटा, आणि हे तिला गाडीत बसल्यावर कळलं.

उत्तरेकडच्या त्या बर्फाळ भागात पाणसाप जवळजवळ संपले होते. त्यांची अंडी उबायला शेणाचा ऊनऊन ढीग लागतो. गायी विकल्या गेल्या तसे ढीगही गेले. वाल्फ्रीडची एक गाय अजून होती, म्हणून ढीगही होता. बर्फ वितळायला लागलं की इंगेला म्युझियमसाठी उतारांवर सापांची नोंद करत हिंडायची, पण पिवळा गळपट्टा नसलेला काळा पाणसाप तिने पुस्तकाबाहेर कधी पाहिला नव्हता. काळ्या विषारी घोणशी मात्र पुष्कळ पाहिल्या होत्या. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. जवळून फरक कळतो, पण जवळ जावं की नाही हे ठरवायलाच आधी तो कळावा लागतो.

वाल्फ्रीड म्हणजे तिच्या आईचा मामा. तो दारातच उभा होता.

"ये, सापवाले. कोट असाच घालतात का हल्ली?"

"साप कुठेय, आजोबा? ढिगावर?"

"ढिगावर कशाला? गारठा बघ किती आहे. आत आणलाय."

"आत कुठे?"

"गुन्वोरकडे."

त्याच्या बायकोने, गुन्वोर आजीने, नाताळापासून अंथरूण धरलं होतं. डॉक्टर यायचे, काही सापडत नाही म्हणायचे आणि जायचे. खाट चुलीशेजारी होती. आजी उशांना टेकून बसली होती. मांडीवर लोकरी शाल, शालीवर काळंभोर वेटोळं, झोपलेल्या मांजरासारखं. घरातलं खरं मांजर कपाटावर चढून बसलं होतं आणि खाली यायचं नाव घेत नव्हतं.

"घरचा साप आहे," वाल्फ्रीड म्हणाला. "माझ्या आजीच्या वेळीही होता. तो नांदतो तोवर घरातलं माणूस जात नाही. रोज पहाटे ढिगावरून उचलतो, बशीभर दूध ठेवतो. बशी अगदी चाटूनपुसून साफ!"

कपाटावरचं मांजर फार लठ्ठ होतं.

"उचलता कसा?"

"हाताने. चमच्याने उचलू? कधी साधा फुसकारलासुद्धा नाही."

पहाटेच्या गारठ्यात साप चावला तर दोरखंडाइतकाच चावतो, हे इंगेलाला माहीत होतं. तिने चुलीकडे पाहिलं. चूल रसरसली होती.

"आत्ताच आणलाय ना?"

"छे, आज पहिल्यांदाच आत आणलाय, सकाळपासून आहे. आधी कॉफी घे."

कॉफी घेतल्याशिवाय त्या घरात कामाचं बोलता येत नसे. इंगेला कप घेऊन खाटेच्या कडेला टेकली आणि हळूच वाकली. डोळ्यातली बाहुली पाणसापासारखी गोल असती तर तिने म्हाताऱ्याचा मुकाच घेतला असता. बाहुली उभी होती, सुरीने चिरल्यासारखी. शेपटीचं टोक हललं. थांबलं. पुन्हा हललं. आजीचं बोट पाठीवरून सावकाश फिरत होतं.

"कोण आहे गं हा?" आजीने विचारलं. कित्येक महिन्यांत तिच्या आवाजात एवढा जीव नव्हता.

इंगेलाने कॉफीचा घोट गिळला.

"पाणसाप. दुर्मिळ. इतका की कायद्याने हात लावायला बंदी आहे. तेव्हा अगदी हळू, शालीसकट, माझ्याकडे..."

वाल्फ्रीड रिकाम्या रस्त्यावर, हिमवादळातसुद्धा वळताना गाडीचा दिवा दाखवणारा माणूस. 'कायदा' ऐकताच तो झेपावला. "गुन्वोर, हात काढ!" म्हणत त्याने शाल खसकन ओढली. साप धप्पकन जमिनीवर पडला आणि सपकन खाटेखाली गेला. त्याच्यातला गारठा केव्हाच उतरला होता.

"झालं," वाल्फ्रीड हात झटकत म्हणाला. "आता कुणाचा हात नाही. बरोबर?"

"आजी, पाय वर घे. ती घोणस आहे. मी खोटं बोलले."

"मघाशी पाणसाप म्हणालीस!"

"मघाशी ती मांडीवर होती, आजोबा!"

तेव्हा गुन्वोर आजी उठली. कूस बदलायला जिला दोन माणसं लागत, ती उठली, चुलीला वळसा घालून, उंबरा ओलांडून, अनवाणी थेट अंगणातल्या बर्फात जाऊन उभी राहिली. इंगेला तिला सावरायला मागे धावली.

वाल्फ्रीड दारात आला. त्याचे डोळे भरले होते.

"चालली," तो म्हणाला. "पाहिलंस? चालली ती."

"आजोबा, बाहेर या. तुमच्या वयाला एक चावा पुरेल."

"आधी पाणसाप, मग घोणस. सरळ सांग ना, म्युझियमला हवाय म्हणून. डॉक्टरांना जमलं नाही ते यानं एका सकाळीत केलं. आणि मी याला बाहेर जाऊ देईन?"

"वाल्फ्रीड!" आजी ओरडली. "मूर्खा, मी भीतीने चालले!"

"कशाने का होईना," तो प्रेमाने म्हणाला आणि त्याने दार लावलं. कडी बसली. मग एकेक करून खिडक्या.

इंगेला एका हाताने दार बडवत होती, दुसऱ्या हाताने रुग्णवाहिकेला फोन लावत होती. पलीकडची बाई साप कुठे आहे विचारत होती. आत चुलीत लाकूड पडल्याचा आवाज आला. मग वाल्फ्रीडचा, "ये, ये, लाजतोस काय, आता हे घर तुझंच." आवाज पार खालून येत होता, जमिनीलगतून, खाटेखाली हात घालताना माणसाचा येतो तसा.