तिसरी पाचर

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी लाकडी पाचर आहे. लांबी जेमतेम वीतभर, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. या संग्रहालयात सगळे येतात ते पंख्याचं जुनं विमान बघायला. माझ्याकडे लक्ष जातं ते माझ्या लांबलचक लाल कापडी शेपटीमुळे.

आम्ही तिघी बहिणी. विमानतळावरच्या मिस्त्रींनी मोडक्या खोक्याच्या एकाच फळीतून आम्हाला तासून काढलं आणि आम्ही लांबून दिसाव्यात म्हणून त्यांच्या बायकोने आम्हाला जुन्या पडद्याच्या लाल पट्ट्या शिवून दिल्या. आमचं विमान तेव्हाच वयस्कर होतं. आधी त्याने सैन्याचं सामान वाहिलं, मग प्रवासी. सगळे त्याला लाडाने 'आजीबाई' म्हणत. विमान उभं असलं की वारा त्याच्या पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा आपटून बिजागऱ्या खिळखिळ्या करतो. म्हणून आम्ही फटीत घट्ट बसायचं. दोघी पंखांत, मी शेपटीत. उडण्याआधी मात्र आम्हाला काढायलाच हवं. झडपा हलल्या नाहीत तर विमान वैमानिकाचं ऐकतच नाही.

एका वादळात शेजारच्या विमानाची शेपटी मोडली, पण आजीबाईला ओरखडाही नाही. मिस्त्रींनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी माझा भाव फार वधारला होता!

पुढे माझी पट्टी उन्हाने विटली, फाटली. मिस्त्रींनी ती कापून टाकली. "उद्या नवी लावू," म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

चारच दिवसांनी भर दुपारी आजीबाई एकोणीस प्रवासी घेऊन निघणार होती. मिस्त्रींनी दोन्ही बहिणींना काढलं. शिडी घेऊन ते माझ्याकडे वळले, तेवढ्यात हमालाने हाक मारली. एक पेटी दारात अडकली होती. मिस्त्री तिकडे गेले. परत आले तेव्हा त्यांनी शेपटीकडे पाहिलं. लाल काही दिसलं नाही. काढली असेल, असं धरून ते शिडी घेऊन निघून गेले.

मी केवढी घाबरले! पण पाचरीला कुठला आवाज? आजीबाई धावू लागली. वैमानिक कॅप्टनसाहेबांनी शेपटी उचलायला झडपांचा दांडा ढकलला, तो हलेना. त्यांनी झटक्यात इंजिनं बंद केली. तरी विमान धावपट्टी ओलांडून गवतात शिरलं, चाक नालीत गेलं आणि एका पंख्याची पाती दुमडली. एका आजोबांचा हात मोडला. बाकी सगळे सुखरूप उतरले.

मिस्त्री धापा टाकत थेट शेपटीशी आले. विमान पुढे कलल्यामुळे शेपटी उंच गेली होती. विमानातून उतरवलेल्या एका पेटीवर चढून त्यांनी मला धरलं. त्या बाजूला चिटपाखरूही नव्हतं. एक हिसका दिला असता आणि मला खिशात टाकलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांची नोकरी, त्यांचं नाव, सगळं त्या मुठीत होतं.

मग मूठ सैल झाली.

"साहेब, इकडे या," त्यांनी हाक मारली. "ही बघा. माझ्याकडून काढायची राहिली."

कॅप्टनसाहेबांनी मला निरखून पाहिलं. मग म्हणाले, "निघण्याआधी मीही एक फेरी मारायला हवी होती. मारली नाही. चौकशीत दोघंही सांगू."

दोघांनाही सहा महिने घरी बसावं लागलं. त्या काळात मिस्त्रींच्या बायकोने मला हातभर लांब नवी शेपटी शिवली. परतल्यावर नवा रिवाज सुरू झाला. आम्हाला काढून मिस्त्री विमानासमोर उभे राहत, तिघींना उंच धरत. काचेमागून कॅप्टनसाहेब तीन बोटं दाखवत. त्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. आजीबाई आणखी अकरा वर्षं उडाली.

ती निवृत्त झाली आणि माझी रवानगी विमानतळावरच्या कारखान्याच्या दाराखाली टेकू म्हणून झाली. लाथा खाल्ल्या, टवका उडाला तो तिथेच. शेवटी मिस्त्रींनीच मला शोधून, पुसून इथे बहिणींजवळ आणलं. आता मी सुखात आहे. मित्रांनो, वस्तू छोटी म्हणून तिची डागडुजी उद्यावर टाकू नका. आणि चूक झालीच, तर ती खिशात घालू नका.

म्हातारे मिस्त्री दर रविवारी येतात. एखाद्या मुलाला वैमानिकाच्या जागी बसवतात, तिघी दिसल्या तरच तीन बोटं दाखवायची असं सांगतात आणि विमानासमोर उभे राहून आम्हाला उंच धरतात. गेल्या रविवारी त्यांनी मुद्दाम मला पाठीमागे लपवलं. खुर्चीत एक चिमुरडी होती. तिने दोन बोटं वर केली, थबकली, आणि खिडकीतून डोकं काढून ओरडली, "ओ आजोबा, थांबा! तिसरी कुठाय? मी नाही उडवणार!"

मिस्त्री डोळे पुसत हसले आणि त्यांनी मला उंच धरलं.