अकराव्या कादंबरीतला माळी

रहस्यकथा लिहून मीटरसाहेबांच्या पदरात काय पडणार होतं, हे मी त्यांच्या पहिल्या कादंबरीच्या वेळीच मांडून पाहिलं होतं. पैसा नाही: स्वतःच्या पेन्शनमधून दोनशे प्रती छापायच्या, साठेक खपवायच्या, उरलेल्या पलंगाखाली सारायच्या. नाव नाही: वाचनालयाने एक प्रत फुकट घेतली, ती दाराला टेकू म्हणून लावली. छापणारा मी, त्यामुळे फायदा कुणाचा होता ते वेगळं सांगत नाही. पण माणूस दहा-बारा वर्षं उगाच बोटं झिजवत नाही. साहेबांना एक गोष्ट हवी होती. बायको एकदा, फक्त एकदा, चुकायला हवी होती.

बत्तीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांना आकडा टिपता टिपता कळायचं. रिटायर झाल्यावर त्या एकेका घरात त्यांनी एकेक खून घातला. वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सत्तावीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेली बाई. "जो न विचारता खुलासा करतो, तोच," एवढंच त्यांचं शास्त्र.

दोघांची पैज ठरलेली. शेवटचं प्रकरण साहेब पाकिटात बंद करून माझ्या छापखान्यात ठेवायचे, म्हणजे ऐनवेळी खुनी बदलला असा आरोप नको. बाकीचं हस्तलिखित वहिनींकडे. दोन दिवसांत त्या खुन्याची चिठ्ठी घेऊन हजर. पंच मी. दहा कादंबऱ्या, दहा वेळा साहेब चितपट.

"अहो, त्या कंपाउंडरला चौदाव्या पानावर इतकं गोड बोलायला लावलंत," वहिनी म्हणायच्या, "मग मी काय डोळे मिटून वाचू?"

"वाच की एकदा! नवऱ्यावर तेवढे उपकार कर."

अकराव्या कादंबरीला मात्र दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. साहेब रोज हात चोळत छापखान्यात यायचे.

"घाम फुटलाय तिला. काल परत पहिल्या पानापासून सुरुवात केलीन. तिसऱ्यांदा!"

"डोळे दुखत असतील," मी म्हणालो.

"डोळे कसले, अक्कल दुखतेय."

शेवटी एका सकाळी दोघं आले. मी चिठ्ठी उघडली. 'माळी.' पाकीट फोडलं. खुनी होता विम्याचा एजंट.

"माळी?" साहेब खुर्चीतून उठलेच. "अगं, सगळी कादंबरी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर घडते! एक कुंडीसुद्धा नाही त्यात! नसलेला माणूस पकडलास?" आणि ते इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माळी होता, पण पाचव्या कादंबरीत. त्याने मालकिणीला विहिरीत ढकललं होतं आणि वहिनींनी त्याला दीड दिवसात हुडकलं होतं. साहेबांची प्रत्येक ओळ मीच टाइप करतो, मला आठवणारच. साहेब स्वतः लिहिलेलं विसरले, कारण त्या क्षणी त्यांना ते आठवायचं नव्हतं.

"वहिनी, कुठला माळी हो?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हसणाऱ्या नवऱ्याकडे. पर्सचा चाप उघडला, मिटला, परत उघडला.

"असेल कुणीतरी. भाऊजी, पंचांनी खोदून विचारायचं नसतं." मग नवऱ्याला म्हणाल्या, "जिंकलात एकदाचे. बरं झालं."

जाताना साहेब पुढे जिना उतरले. वहिनी दारात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही येताना कुठल्या बाजूने आलो?" मी हाताने बाजू दाखवली. इतकंच केलं. कारण साहेबांनी नुकतीच पाचशे प्रतींची ऑर्डर दिली होती आणि माझं मशीन दोन महिने बसून होतं. शिवाय त्या माणसाचा तो चेहरा मी बारा वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो.

मागच्या कव्हरवर त्यांनी हट्टाने ओळ टाकायला लावली: 'दहा खुनी पकडणाऱ्या बाईलाही हा सापडला नाही!' प्रूफ मी तपासलं. चूक एकही नव्हती.

सात महिन्यांनी त्यांची मुलगी दुसऱ्या शहरातून वर्षाची रजा घेऊन घरी आली. पहिल्याच दिवशी तिने आईला गॅसवर रिकामं पातेलं ठेवून खिडकीशी उभं राहिलेलं पाहिलं. गाडी माझी, म्हणून डॉक्टरांकडे मीही गेलो.

"पहिल्यांदा लक्षात कधी आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मुलीने वडिलांकडे पाहिलं. साहेबांनी पिशवीतून कादंबरी काढली आणि पालथी करून टेबलावर ठेवली. मुलीने ओळ वाचली.

"बाबा, तुम्ही हे छापलंत?"

"मला वाटलं, मला जमलं," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. आजार थांबला नसताच, पण औषधं तेव्हाच सुरू झाली असती, तर थोडे चांगले महिने हातात राहिले असते. किती, ते सांगता येत नाही.

मी तेव्हाही माळ्याचं काही बोललो नाही. घरी सोडताना सांगितलं, तर साहेबांनी फक्त मान हलवली. "मला दुसऱ्या दिवशीच आठवलं होतं," म्हणाले, आणि गाडीचं दार लावायचंही विसरले.

बारावी कादंबरी नाही. साहेब लिहीत नाहीत, आणि मी विचारत नाही.

तर साहेबांना एक विजय मिळाला, मला पाचशे प्रतींचं काम. वहिनींनी किंमत म्हणून भरले ते चांगले महिने, किती होते हे न कळताच. आणि मुलीने तर पैज लावलीही नव्हती. ती 'आई' अशी हाक मारते, तेव्हा वहिनी अदबीने उठून उभ्या राहतात आणि म्हणतात, "बोला मॅडम, कुठला नंबर जोडू?"