शेपटीवाली अक्षरं

मी ब्रश बोलतोय. तुमच्या हातात मोबाईल असेल तर आधी तो खिशात घाला, मग पुढं बोलू. फोटोबिटो काढायचा नाही.

संशय माझ्या रक्तातच आहे. मला कुठल्या जनावराचे केस लावलेत, हे कारखान्यात कुणी सांगितलं नाही. सांगलीच्या दुकानदारानं "अस्सल माल हाय, अस्सल," म्हणत मला इस्लामपूरच्या पीरमहंमद पेंटरच्या गळ्यात मारलं, तेव्हाही मला काहीतरी काळंबेरं वाटलंच होतं.

पीरमहंमदनं घरी आल्या आल्या ब्लेड काढलं आणि माझे केस तिरपे कापले. म्हटलं, संपलो! पण ती त्याची कामाची रीत. तिरप्या ब्रशनं अक्षर ओढलं की खाली एक वळलेली शेपटी उमटते. उसाच्या ट्रॉल्या रंगवायचा त्याचा धंदा. हंगामाच्या तोंडावर शेडसमोर ट्रॉल्यांची रांग लागायची आणि येणारा-जाणारा लांबूनच म्हणायचा, "शेपटी बघ की. पीरमहंमदचीच ट्रॉली."

ट्रॉलीच्या कोपऱ्यात पेंटर बारीक अक्षरात आपलं नाव टाकतो. हा भला माणूस मात्र 'तात्याबा पेंटर' असं लिहायचा. तात्याबा त्याचे उस्ताद. शिकाऊ पोरानं उस्तादाचं नाव टाकायचं, ही त्यांच्यातली पद्धत. उस्ताद वारले, ह्याचे केस पिकले, तरी नाव तेच. त्या कोपऱ्यात मी कितीदा मुद्दाम रंग सांडला! ह्याला कळेल तर शपथ.

ह्या वर्षी तात्याबांचा नातू दिग्विजय शेडवर आला, पेढे घेऊन. कारण नसताना पेढे! माझे होते नव्हते ते केस ताठ झाले.

"चाचा, फ्लेक्सचं दुकान टाकलंय. आज्याची अक्षरं कंप्युटरवर घेतोय, शेपटीवाली. मग ती आमच्या दुकानाचीच. तुमी हातानं लिवायचं थांबवा आता, गिऱ्हाईक गोंधळतंय."

"माझी हायत ती," एवढं म्हणायला काय झालं होतं? पण पीरमहंमद मान खाली घालून म्हणाला, "व्हय बाबा. कोपऱ्यात नाव त्यांचंच हाय." मला असा राग आला म्हणून सांगू! आयुष्यभराचा हात एका पेढ्यावर देऊन मोकळा झाला.

चार दिवसांनी त्याची लेक रुमाना पुण्याहून आली. ती पुस्तकांची मुखपृष्ठं करते. आल्या आल्या ट्रॉल्यांचे फोटो काढायला लागली. घ्या! घरचीच फितूर, म्हटलं मी.

"अब्बा, उस्तादांनी तुम्हाला काय काय शिकवलं?" तिनं विचारलं.

"समदंच. रंग घोटायचा, ओळ सरळ याया रंगाची दोरी मारायची, अक्षर सरळ हुबं करायचं."

"आणि शेपटी?"

पीरमहंमद हसला. "शेपटीपायी तर शिव्या खाल्ल्या. म्हणायचे, ही काय माकडचेष्टा रं? पूस आधी. मी पुसायचो आणि ते गेले की पुन्यांदा काढायचो."

"मग उस्तादांच्या हातचं कुठं काही राहिलंय का?"

कुंडलमध्ये एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती, तिची भिंत तात्याबांनी स्वतः लिहिलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो आणि रुमानानं दिग्विजयलाही बोलावून घेतलं. मी पीरमहंमदच्या खिशातून डोकं काढून बघत होतो. भिंतीवर तात्याबांची अक्षरं होती, सैनिकासारखी ताठ. शेपटी एकाही अक्षराला नाही.

दिग्विजयनं एकेका अक्षराच्या बुडाशी बोट फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाला, "चाचा, बिनशेपटीची कोण घेणार? शेपटीसकट द्या की."

आता हा 'घे बाबा' म्हणणार, अशी माझी खात्रीच होती. पण पीरमहंमदचा आवाज मी प्रथमच असा ऐकला.

"सरळ अक्षरं तुझ्या घरची हायत, खुशाल ने. शेपटी तुझ्या आज्यानं पुसाय लावली व्हती. तूबी पूस."

संध्याकाळी शेडवर एक ट्रॉली पुरी झाली आणि आम्ही कोपऱ्यात आलो. आख्ख्या तालुक्याची नावं लिहिलेल्या माणसानं स्वतःचं नाव कधी लिहिलंच नव्हतं. "पी" लिहून तो थांबला. रुमानानं फोटो काढला नाही. मोबाईल बाजूला ठेवून ती रंगाचा डबा धरून उभी राहिली. हळूहळू सगळं नाव झालं आणि शेवटच्या 'द'ला मी उरल्यासुरल्या केसांनी अशी शेपटी ओढली, की पीरमहंमदच्या डोळ्यांत पाणीच आलं.

रुमानाला मी फितूर म्हणालो होतो. तिनंच मला रॉकेलनं धुऊन पुसलं.

आता माझे केस झडलेत. रिकाम्या डब्यात उभा असतो. दिग्विजय अधूनमधून येतो, "चाचा, शेपटी तेवढी शिकवा," म्हणतो. पीरमहंमद शिकवतोही. परवा पोरानं पहिली ट्रॉली लिहिली आणि कोपऱ्यात नाव टाकलं, 'पीरमहंमद पेंटर'.

पेढे मात्र तो अजूनही आणतो. माझं लक्ष आहे.