थोरल्यांची साक्ष आणि धाकटीची मिरची

शनिवारी उन्हं चढायच्या आतच मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या, तशी धाकटी तरातरा थोरल्या दिरांच्या बांधावर गेली. वाटणीत विहीर दिरांकडे गेली होती. धाकटीच्या वाट्याला आलं ऊन.

"भाऊजी, दोन तास मोटार लावा. उद्यापर्यंत रोपं जळतील, वर्षाचं पीक जाईल."

"अगं, मी कोण देणारा? पाणी देवाचं!"

"मग देवाचंच द्या की."

"प्रार्थना कर. श्रद्धेनं डोंगर हलतात."

"डोंगर राहू दे जागेवर, तुम्ही मोटारीचा खटका हलवा."

दिरांनी डोळे मिटले. नको ते ऐकू आलं की त्यांना लगेच प्रार्थना सुचायची.

तसे दीर म्हणजे कृतज्ञतेचं कोठारच! दर रविवारी चर्चमध्ये गाणी झाली की ज्याला वाटेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाचे आभार मानायची पद्धत. कुणाचा ताप उतरलेला, कुणाची गाय व्यालेली. दोन वाक्यं बोलून माणसं बसायची. दीर बसायचेच नाहीत. विहिरीचा एकेक झरा मोजून आभार! आपण या माणसाला किती दिलंय, ते देवालाही तिथंच कळत असावं.

याही रविवारी दीर गरजले, "गावातल्या विहिरींनी तळ गाठला, पण माझी काठोकाठ! प्रभूचे आभार!"

"आमेन," पाळकसाहेब जांभई गिळत म्हणाले.

आणि धाकटी उठली. आजवर तिनं आभार मानले ते चुलीपुढं, मनातल्या मनात. पण आज आवाज खणखणीत निघाला.

"मलाही आभार मानायचेत. देवानं भाऊजींच्या मनात घातलं. आज चर्च सुटल्यावर ते माझ्या मिरचीला पाणी सोडणार आहेत."

"अगं, पण मी कधी—"

"आमेन!" मागून सुईण आजी ओरडली. मग काय, टाळ्याच टाळ्या! पाळकसाहेबांची जांभई कुठल्या कुठं पळाली. "चला, सगळेच जाऊ बघायला!"

अख्खी मंडळी धुतल्या कपड्यांत बांधावर. दिरांनी खटका दाबला, तोंड असं की एरंडेल प्यायलेत.

"देवाच्या घरात खोटं बोललीस," ते दात खाऊन पुटपुटले.

"खोटं कुठं, भाऊजी? आधी मागितलं तर तुम्ही प्रार्थना करायला लावलंत. म्हणून एकदम आभारच मानले."

पाणी वाफ्यावाफ्यातून फिरलं. शेवटचा वाफा भरला, तसं धाकटीनं फावडं घेऊन पाटाचं तोंड सुईण आजीच्या सुकलेल्या वांग्यांकडं वळवलं.

"आता तिकडं कशाला?" दीर किंचाळले.

"आभार मानतेय, भाऊजी. तोंडानं तुम्ही मानलेतच, हातानं मी मानते."

पुढच्या रविवारी दीर सवयीनं उठले. समोर बघितलं तर अर्धं चर्च त्यांच्या तोंडाकडं आशेनं बघत होतं. कोष्ट्याची भेंडी, सुताराचा भोपळा, सगळ्यांचीच रोपं तहानलेली. दीर मुकाट्यानं खाली बसले.

उपासना अर्धा तास लवकर सुटली, आणि त्याबद्दल अख्ख्या मंडळीनं अगदी मनापासून देवाचे आभार मानले.